तापट ड्रायव्हर आणि पिंपळाखालचा रांजण

मित्रांनो, कुरुणेगल शहराच्या रस्त्याला, पिंपळाच्या सावलीत टेकलेला मातीचा जुना रांजण म्हणजे मी. माझ्या झाकणावर नारळाच्या करवंटीचा पेला असतो. येणाराजाणारा पाणी पितो, पेला पालथा घालतो आणि पुढे जातो.

कुंभाराच्या भट्टीत माझ्या शेजारचे दोघे तडकले, मी तेवढा धड निघालो. गेलेल्या नवऱ्याला पुण्य लागावे म्हणून यसवती आजीने मला इथे आणून बसवले. शेजारीच ती पूजेसाठी निळी कमळे विकायची. रोज सकाळी विहिरीचे पाणी गाळून मला भरायची. वाटसरू तिला दुवा देत, तेव्हा माझेही पोट अभिमानाने फुगे.

माझ्याकडे येणाऱ्यांत बसचा ड्रायव्हर नंदसेन सर्वांत तापट. मागची बस पुढे जाऊन आपले प्रवासी पळवील, ही धास्ती त्याला दिवसभर. पाणीही तो शर्टावर सांडत घटाघटा प्यायचा.

"राग आलाय वाटतं," आजी एकदा म्हणाली.

"आला नाही, बिऱ्हाड करून राहिलाय."

"मग त्याला ओळख तरी दे. 'आलास होय रे' म्हण. चहा मात्र विचारू नकोस."

नंदसेन हसला. "असलं विहारातल्या भिक्खूंना जमतं, आजी, त्यांना वेळ असतो. माझ्या मागे बस असते."

"श्वास तर तूही घेतोसच ना? घोटाआधी एक श्वास आत जाताना बघ, बाहेर येताना बघ. तेवढ्यानं बस चुकत नाही."

काही दिवस त्याने तसे केले. मग विसरला. एका दुपारी मागच्या बसने भोंगा वाजवला आणि एक बाई पुरती उतरण्याआधीच त्याने गाडी हाकली. बाई पडली, तिचा हात मोडला. मालकाने नंदसेनला घरी बसवले.

दुसऱ्या दिवशी तो चालतच आला. त्याच्या हातातला पेला माझ्या काठावर टकटकत होता.

"हात थांबत नाहीत, आजी."

"थांबवू नकोस. 'थरथरतोय' एवढंच म्हण. थरथर आली तशी जाईल. कायमचं काही नसतं."

तो बराच वेळ बसला. थरथर ओसरली. "बरं वाटतंय. आता रोज येऊन बसेन," तो म्हणाला.

आजीला आनंद होईल असे मला वाटले. पण तिने फुले खाली ठेवली. "तुझं मन शांत झालं, चांगलं झालं. त्या बाईचा हात अजून दुखतोय. तिला भेटलास?"

"घरचे शिव्या देतील."

"देतील. तेव्हाही श्वास बघ."

तो गेला. बाईच्या मुलाने त्याला फाटकातूनच परत पाठवले. तो पुन्हा गेला, पुन्हा शिव्या खाऊन आला. शेवटी ती बाई, कुसुमलता, स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, "माझा हात प्लास्टरात आहे. नारळ खवता येतो का तुला?"

प्लास्टर निघेपर्यंत तिच्या घरचा नारळ नंदसेनने खवला. पुढे त्याला पुन्हा बस मिळाली. मागून भोंगा वाजला की कंडक्टर कुरकुरतो, "दादा, प्रवासी गेले आपले." नंदसेन म्हणतो, "जाऊ देत. उतरणाऱ्याला आधी नीट उतरू दे."

मित्रांनो, पुढे आजी लेकीकडे राहायला गेली. लोकांच्या हाती बाटल्या आल्या. माझा तळ कोरडा पडला, कुणी माझ्यात खाऊचे कागद टाकले. एकदा कुसुमलता बसमधून उतरली, माझ्यात डोकावली आणि हाक मारली, "नंदसेन, खाली ये." प्रवासी ताटकळले, रागावले. दोघांनी मला घासले, धुतले, भरले.

तुमच्या वाटेवर असा रांजण असेल, तर तहान भागल्यावर लगेच निघू नका. जरा आत डोकावून बघा. तळ दिसत असेल, तर एक बादली ओता. तुमच्यानंतर येणारा कसल्या मनाने येत असेल, कुणास ठाऊक.