देवमनले

बार्शीटाकळीच्या सोनाजी तायड्यांचा धाकटा मुलगा देवमन, देवमनचा प्रीतम आणि प्रीतमचा अनुप. हा अनुप गेल्या जानेवारीत इंग्लंडहून अमरावतीला माझ्या घरी उतरला. गावच्या विहारात देवमनकाकांच्या स्मृतीचा कार्यक्रम होता, आणि त्यात तो बोलणार होता.

निघण्यापूर्वी त्याने भाषण मला वाचून दाखवले. त्यात असे होते: एकोणीसशे अठ्ठावन्न साली इंग्लंडला जायला एकाच्याच भाड्यापुरते पैसे जमले होते आणि जाण्याचे थोरल्या कुंदनचे ठरले होते. मुंबईच्या बंदरावर कुंदन समुद्र पाहून भ्याला आणि तिकिटाच्या खिडकीपर्यंतही न जाता परतला. धाकट्याने एकट्याने तिकीट काढले आणि बोटीत चढला.

कुंदन माझे वडील. ‘पाण्याले भेलेला’ हे नाव त्यांनी मरेपर्यंत निमूट ऐकले. त्यांची मुलगी म्हणून सासरी मीही ऐकले.

“ते वाक्य खोडल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही.”

“जाईआत्या, आजोबांनीच सांगितलं होतं. त्यांच्याच कार्यक्रमात त्यांना खोटं कसं पाडू?”

गाडी दारात उभी होती. माझी सून माधवी दोनदा डोकावून गेली. माझ्यापाशी पुरावा नव्हता. वडील त्या दिवसाविषयी कधी बोललेच नाहीत. पुरावा म्हणून अनुपनेच बोटीचे जुने तिकीट पुढे केले. त्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होते. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावले.

“देवमनले. आमचं तिकडचं आडनाव.”

“आपण तायडे. कारकुनाने विचारलं असेल, तिकीट कोणाला? जे ऐकलं तेच त्याने नाव म्हणून लिहिलं. तुझे आजोबा एकटे असते, तर काय म्हणाले असते?”

आजोबांची वऱ्हाडी त्याच्या कानात होती. 

“मले,” तो म्हणाला.

“मग ‘देवमनले’, म्हणजे देवमनला, असं कोण म्हणालं?”

 भाषणाचा कागद खिशात गेला. वाक्य खोडलेले नव्हते. तरीही मी गाडीत बसले. वडिलांविषयी जे बोलले जाईल, ते समोर बसून ऐकायचे मी ठरवले होते. अकोला मागे पडले, तरी कागद त्याच्या खिशातच होता. आणि काय ठरवलेस म्हणून पुन्हा विचारणे माझ्या स्वभावात नाही.

विहार भरला होता. अनुप उभा राहिला. कागद त्याने काढलाच नाही.

“खिडकीपाशी दोघं भाऊ होते,” तो म्हणाला. “कुंदन आजोबानं कारकुनाले सांगितलं, देवमनले द्या. तो भेला नव्हता. माझ्या आजोबानं हे कधी सांगितलं नाही. मी सांगून राहिलो.”

माझ्या वडिलांना ‘पाण्याले भेलेला’ हे नाव ठेवणारे गावचे म्हातारे गोवर्धन पुढच्याच रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली.

सदुसष्ट वर्षांचे देणे होते. ते त्या सभेत पुरते फिटले.