तळघराचे दार

मित्रांनो, किल्ला पाहायला येणारी माणसे आधी बागेतले गुलाब पाहतात, मग बुरूज चढतात आणि उतरताना माझ्यापाशी थबकतात. मी इथल्या तळघराचे जुने दार आहे.

एका सुताराने मला लेकरासारखे जपून घडवले. कडी ठोकताना तो म्हणाला होता, "धान्य सांभाळ बाबा, माणसं नको."

त्याचे कोण ऐकतो? पुढे एका दासीला चोरीच्या नुसत्या संशयावरून माझ्याआड कोंडले. ती ठोठावत राहिली. ठोके मंदावत गेले आणि थांबले. तिची मूठ मला ओळखू येत होती, पण कडी बाहेर होती.

राज्य गेले, बाग सर्वांना खुली झाली. लोक माझ्या नक्षीचे कौतुक करत, मला टेकून फोटो काढत. बिजागऱ्यांना तेल मात्र कोणी घालेना. वारा सुटला की मी धडधडू लागे. पहारेकरी पाहुण्यांना हसून सांगे, "दासी आहे ती. रोजचंच आहे."

एका संध्याकाळी एक थकलेल्या मावशी भाचीबरोबर आल्या. भाची पाणी आणायला गेली, तेवढ्यात मावशी गारव्यासाठी आत जाऊन टेकल्या. पहारेकऱ्याने न डोकावताच कडी घातली. मावशी दोन्ही हातांनी मला ठोठावू लागल्या.

भाची बागभर शोधून माझ्याकडे धावत आली. "आतून आवाज येतोय."

"वारा आहे, ताई. चला, फाटक बंद करायचंय."

"वारा? झाडाचं पान हलत नाहीये." तिने त्याला बाजूला सारून कडी काढली.

मावशी घामाने चिंब होत्या, पण शांत.

"फार घाबरलीस का गं, मावशी?"

"आधी घाबरले. मग तिनं हात धरला माझा. म्हणाली, तू थांबू नकोस. मी थकले, म्हणून राहून गेले."

सगळ्यांनी आत पाहिले. तळघर रिकामे होते. पहारेकऱ्याने मला हलवून पाहिले.

दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले. आता कितीही वारा सुटला तरी मी वाजत नाही. तरीही कधी कधी आतून ती मूठ माझ्यावर पडते, आणि मी काही करू शकत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंचे तेलपाणी करत जा. आणि कुठल्याही दारामागून ठोका ऐकू आला, तर त्याची गोष्ट सांगत बसू नका. आधी कडी काढा.