चौथा चौकोन

दुसऱ्याच पिळाला कांडी मोडली. टक्क असा आवाज झाला आणि अर्धा तुकडा उडून पुरणाच्या डब्यावर आपटला. यशोधनने फ्रीझरमधून दुसरी कांडी काढली, पट्ट्यात अडकवली, पिळली. तीही गेली.

ओट्यावर मालिनीताईंचा सगळा खजिना पाघळत पडला होता. पुरणाचे गोळे, ओल्या नारळाचा चव, सोललेले मटार. लवकरच पुण्याला परतायचं म्हणून सासूबाईंनी महिनाभर खपून लेकीचा फ्रीझर गच्च भरला होता. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या भाड्याच्या घरातला तीन खणांचा फ्रीझर तो, त्यात बोट शिरायला जागा नव्हती. आज सकाळी उठल्या उठल्या यशोधनने कोणाला न विचारता त्यातला एक खण रिकामा करून आपल्याकडे उरलेल्या कांड्या त्यात ठेवल्या होत्या.

कारण काल ग्रुपवर हालिनाचा निरोप आला होता. हालिना युक्रेनमध्ये खार्किवजवळ नर्स आहे. ‘जानेवारीत आलेल्या काळ्या कांड्या थंडीत मोडतायत. मांडीची जखम होती. दुसरा पट्टा बांधेपर्यंत गेला. चोवीस वर्षांचा होता.’

ग्रुपमध्ये तेवीस जण. कोणी लाइपझिगची शिक्षिका, कोणी ग्राट्सचा पेन्शनर. एकमेकांना कधी न भेटलेले. युद्धातल्या जखमींचं रक्त थांबवायच्या पट्ट्याला पीळ देणारी कांडी प्रत्येकाने घरच्या थ्री-डी प्रिंटरवर छापायची आणि सीमेजवळच्या गोदामात पाठवायची. तिथे सगळ्यांचा माल एकत्र होई. कांडीवर नाव नको, खूण नको, श्रेय कोणाचंच नको, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. फक्त सोबतचा फॉर्म भरायचा. त्यातला चौथा चौकोन: दर दहांतली एक कांडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पिळून पाहिली.

फ्रीझर तेव्हाही भरलेला, म्हणून यशोधनने हीटरशेजारी उभं राहून पिळून पाहिली होती आणि चौथ्या चौकोनात बरोबरची खूण केली होती. ऑफिसात एका फुटकळ क्लिपसाठी उणे चाळीस अंशांतल्या चाचणीचा अहवाल मागून पुरवठादारांना रडकुंडीला आणणारा हाच माणूस.

“मोडली?” स्वरालीने दारातून विचारलं.

“दोन्ही.”

“तेवीस जण आहात तुम्ही. ती तुझीच होती कशावरून?”

“आल्झो, म्हणजे मग, माझी नव्हती कशावरून?”

मालिनीताई डबा उचलता उचलता थांबल्या.

“अहो, म्हणजे माझ्या पुरणापायी...”

“नाही, आई. मी तुम्हाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर तुम्ही एक खण दिला असता.”

“दिला असता हो,” त्या म्हणाल्या आणि डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

यशोधनने फोन उघडला. कालपासून ग्रुपवर मेणबत्त्यांची रांग लागली होती. निळी-पिवळी हृदयं, ‘आम्ही तुमच्या सोबत आहोत’. त्यात एक मेणबत्ती त्याचीही होती. तिच्याकडे बघताना त्याला स्वतःची किळस आली.

त्याने हालिनाला वेगळा निरोप लिहायला घेतला. आधी फ्रीझरचं कारण लिहिलं, ते खोडलं. कामाच्या घाईचं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: ‘जानेवारीच्या काळ्या कांड्यांत चाळीस माझ्या आहेत. मी त्या थंडीत तपासल्या नाहीत. फॉर्मवर खोटं लिहिलं. तो माणूस माझ्यामुळे गेला असेल.’

स्वरालीने वाचलं. फोन त्याला परत दिला. त्याने पाठवून दिलं.

आता ती शिव्या देईल, ग्रुपमधून हाकलेल, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. खरं तर त्याला तेच हवं होतं. पाच मिनिटांत तिचा निरोप आला.

‘कालपासून असं लिहिणारे तुम्ही नववे.’

त्याने ते मालिनीताईंना मराठीतून सांगितलं.

“बघा!” त्यांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे तुमचीच होती असं काही नाही.”

स्वराली मात्र त्याच्याकडे बघत राहिली. नऊ जणांनी त्याच चौकोनात खोटी खूण केली होती, हे यशोधनच्या ध्यानात आलं होतं. तेवढ्यात दुसरा निरोप आला.

‘कोणती कोणाची ते कळत नाही, म्हणून आता सगळ्याच कांड्या काढून टाकतेय. दुपारी गाडी आघाडीकडे निघेल. तिच्यात काय ठेवू?’