मी बूच बोलतोय, पाण्यावरून

मी बूच बोलतोय. बाटलीचं बूच. हसा खुशाल. बुचाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटणारच. पण अर्धं अंग पाण्यात आणि अर्धं वर ठेवून जगणारे तुमच्यात कितीजण आहेत? वरचं सगळं दिसतं, खालचं नुसतं जाणवतं. त्यामुळे मी भारी चौकस झालोय.

माझं पहिलं घर म्हणजे शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. एका टेलरमास्तरांच्या दुकानात ती मशीनच्या पायाशी असायची. सकाळी मास्तर मला उपटायचे, मशीनला दोन थेंब पाजायचे आणि परत कोंबायचे. शेजारी त्यांची बायको काजं-बटणं करत बसायची. दिवसभर मशीनचा खडखडाट आणि मध्येच तिचा आवाज, "अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

मग दुकान बंद झालं. डोळे थकले, असं मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं. मशीन विकलं, बाटली फेकली आणि मी कसा कोण जाणे बटणांच्या डब्यात येऊन पडलो. डबा घरच्या खिडकीत उघडाच असायचा. डोळे थकलेले मास्तर तिथे उभे राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचायचे. हे कोडं मला काही सुटेना.

घरात बसून माणूस आंबतो. शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका एक दिवस म्हणाले, "मास्तर, मासे धरायला चला. नुसतं बसायचं काम आहे. जन्मभर तुम्ही दुसरं काय केलंत?"

झालं. मास्तरांनी दाभणाने मला आरपार भोक पाडलं आणि गळाच्या दोरीत ओवलं. दुखलं, पण मोठ्या कामाला लागल्याचा मानही वाटला. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, माझं वरचं अंग नेलपॉलिशने लाल केलं.

"लांबून दिसेल तरी तुम्हाला."

"माझे डोळे चांगले आहेत," मास्तर बोलून गेले आणि उगाच खोकले. बाईंनी नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, एवढंच.

तळ्याच्या काठावर काकांनी धडा दिला. "सावली पाण्यावर पाडू नका. नवा माणूस गळ पार मधोमध फेकतो आणि मासे असतात त्याच्या पायाशी, काठच्या गवतात. तेव्हा जवळच टाका. गांडूळ असं ओवा की गळाचं टोक दिसता कामा नये. आणि बूच नुसतं हललं म्हणून ओढू नका. बुडालं, की ओढा." काकांच्या पिशवीत मला पुढेही कधी माशाची शेपटी दिसली नाही. तरी सल्ला सोळा आणे खरा होता.

मास्तर सगळं शिकले. गांडूळ ओवायला वेळ लागायचा, पण ओवलं की काम चोख. गाठ मारावी तर त्यांनीच. गोची एकच होती. पाण्यात पडल्यापासून मी सारखा थरथरायचो. वारा नाही, लाट नाही, खाली माशाचा मागमूस नाही, आणि मी आपला हिंव भरल्यासारखा हलतोय. ही थरथर येते कुठून? मी शोध घ्यायचं ठरवलं. दोरीवरून वर, काठीवरून आणखी वर, आणि तिथे होता मास्तरांचा हात.

दुकान का बंद झालं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मी हललो की मास्तर "लागला" म्हणून काठी उचलायचे. स्वतःच्याच हाताला ते मासा समजत होते. एवढ्या ओढाओढीत कोण मासा थांबतोय? घरी बायको विचारायची, "मिळाला का?" कधी वारा फार होता, कधी पाणी गढूळ होतं. एका संध्याकाळी काठावर कोणी नाही असं पाहून ते माझ्याशीच बोलले. "एक मासा दे रे बाबा. एकच. हे हात अजून कशाच्या तरी कामाचे आहेत, एवढं घरी दाखवू दे. उद्या शेवटचा येतो." मला फार वाईट वाटलं. बुचाच्या हातात काय असतं?

दुसऱ्या दिवशी बाईही आल्या, मांडीवर उसवलेली उशी घेऊन. बराच वेळ त्या शिवत होत्या आणि बघत होत्या. मग उठल्या, झुडपाचं एक बेचकं मोडून आणलं आणि काठच्या चिखलात रोवलं.

"काठी यावर ठेवा."

"माझा हात काही दुखत नाही."

"दुखतो असं कुठे म्हणतेय मी?"

मास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "थरथरतो गं."

"माहीत आहे. दुकानाच्या शेवटच्या वर्षी तुमच्या टिपा उसवून परत मीच घालत होते."

"सगळ्या?"

"कॉलरच्या. बाकीच्या बऱ्या असायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही डोळे म्हणालात. म्हटलं, असू देत डोळे."

मास्तरांनी काठी बेचक्यावर ठेवली आणि पाण्यावर आल्यापासून पहिल्यांदाच मी स्तब्ध उभा राहिलो. किती शांत असतं पाणी! मग खालून कोणीतरी मला हळूच टोचलं. मास्तरांचा हात पुढे आला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तो हात मांडीखाली दाबून धरला. पुन्हा टोचलं. मी जरा सरकलो आणि मग एकदम खाली गेलो. जन्मभर ज्याची उत्सुकता होती ते अखेर दिसलं: हिरवा उजेड, गवताची मुळं आणि माझ्याइतकाच गांगरलेला एक मासा.

"आता," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी काठी उचलली. हातही थरथरत होता, मासाही थरथरत होता. कुणाचं काय, ते सांगता येत नव्हतं आणि त्याची कुणाला पर्वाही नव्हती.

मासा वीतभरही नव्हता. "याला तळायला तेल परवडायचं नाही," बाई म्हणाल्या. दोघांनी हात ओले केले, बाईंनी मासा धरला, मास्तरांनी गळ सोडवला आणि दोघांनी मिळून त्याला पाण्यात सोडलं. "मिळाला गं," म्हणताना मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यापुरते डोळे खरंच थकलेले दिसले.

आता माझा रंग उडालाय. कुशीला चीर गेलीय, पाणी पितो आणि तिरका तरंगतो. पिवळं, प्लॅस्टिकचं नवं बूच आलंय. मी बहुतेक वेळ बटणांच्या डब्यात असतो. पण बेचकं रोज तळ्यावर जातं आणि मास्तर हाताची थरथर आता लपवत नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा गळ टाकाल, तेव्हा माझं एवढं ऐका. बूच थरथरलं की लगेच ओढू नका. थरथरतंय कोण, ते आधी बघा.