तेराचा पत्ता

"एक, दोन, तीन... दाखवा!" आमोद म्हणाला आणि टेबलावर सहा पत्ते उलटले. पाच जणांचा तीन. सुहासिनीताईंचा एकट्यांचा तेरा.

झालं! काम योगेशच्याच वाट्याचं होतं. हॉस्पिटलच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटच्या औषधांच्या वेळा बसवायच्या. काम जितकं अवघड तितका मोठा आकडा आणि तितका जास्त वेळ, आणि पत्ता सगळ्यांनी एकदम दाखवायचा, म्हणजे कुणी कुणाचं बघून बोलायला नको. पण आमोद पडला टीमचा लीड. त्यानं चहाच्या टपरीवरच सगळ्यांना बजावलं होतं, "तीनच्या वर जाऊ नका रे, क्लायंटला शब्द दिलाय." त्यात योगेश प्रोबेशनवर. जुना कोड त्याला ओ की ठो कळत नव्हता, पण नोकरी पक्की व्हायच्या आधी हे बोलायची कुणाची छाती आहे?

ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्यानं कारण द्यायचं, असा नियम.

"ताई, तेरा?" आमोद म्हणाला. "काम योगेश करणार आहे, तुम्ही नाही."

"मी बसणार आहे त्याच्याबरोबर. आणि मी आहे संथ. त्या कोडात अडखळते."

"अहो, तुम्हीच लिहिलाय ना तो?"

"म्हणूनच. आपल्या हातची आमटी खारट झालेली आपल्यालाच आधी कळते."

आमोदनं पुन्हा पत्ते टाकायला लावले. परत तेच.

"बदला की आता, ताई!"

"बदलते ना. एकवीस करू?"

हा सदाशिव पेठी खाक्या! शेवटी आमोदनं चरफडत तेरा लिहिले.

मग ताई रोज योगेशशेजारी खुर्ची ओढून बसायच्या. "हे काय करतंय रे? मला मेलीला आठवत नाही," असं म्हणत त्याच्याकडूनच सगळं वदवून घ्यायच्या. एका दुपारी योगेशलाच सापडलं, एकाच नावाचे दोन पेशंट आले की एकाची औषधं दुसऱ्याच्या नावावर जात होती. तीनच्या घाईत हे दिसलंच नसतं.

योगेशची नोकरी पक्की झाली. ताईंच्या वार्षिक शेऱ्यात मात्र 'वेग कमी' असं पडलं. चारचौघांत स्वतःच्या तोंडानं बोलल्या होत्या ना! त्यांची बदली जुन्या तक्रारी निस्तरायच्या टीममध्ये झाली.

"मी आमोदला सगळं सांगतो, ताई. तुम्ही हे माझ्यासाठी..."

"गप रे! लोकांच्या औषधात घाई करून जायचंय कुठे?" ताईंनी डबा पिशवीत टाकला. "आणि दुपारचा चहा सोड, ॲसिडिटी होते तुला."

एवढ्या मोठ्या मनाचं माणूस योगेशनं पाहिलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत काम ओवीच्या वाट्याला आलं. पोर नवीन, प्रोबेशनवर. टपरीवरचा हुकूम या वेळी पाचाचा होता.

"दाखवा!"

सगळे पाच. योगेशचा तेरा.

"आता तुझं काय?" आमोद वैतागला.

योगेशनं ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघितलं.

"मी जरा संथ आहे," तो म्हणाला.