चिमणीला पोचवताना

"पण बाई, तुम्ही प्रत्यक्ष लढला नव्हतात ना?" सेनेच्या कार्यालयातल्या साहेबानं हळू आवाजात, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं.

मास्तरीणबाईंनी मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. तीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवून त्यांची जीभ चांगलीच तिखट झाली होती. पण शेजारी त्यांच्या मैत्रिणीचा, चिमणीचा, मुलगा मान खाली घालून बसला होता, म्हणून त्यांनी स्वतःला आवरलं.

"लढलो नाही," त्या म्हणाल्या. "लढायची विमानं पोचवली. कारखान्यातून उचलायची आणि आघाडीवर नेऊन द्यायची. उडवत नेत होतो हो, हातगाडीवर घालून नाही!"

साहेबाला हसू आलं, पण बिचाऱ्यानं ते गिळलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला होता, स्वतः उठून खुर्च्या पुढे केल्या होत्या. अडचण एवढीच होती, की चिमणी काल गेली होती, आज दुपारी तिला न्यायचं होतं, आणि तिच्या शवपेटीवर सेनेचा झेंडा घालायला नियम आडवा येत होता. युद्धात विमानं पोचवणाऱ्या बायकांची नेमणूक वाहतूक खात्यात होती, सेनेत नव्हती. झेंडा फक्त सैनिकाला.

"शेवटच्या आठवड्यात आईनं विचारलं होतं," मुलगा पहिल्यांदाच बोलला. "म्हणाली, घालतील ना रे माझ्यावर? मी हो म्हणून बसलो."

त्याचं ते "हो म्हणून बसलो" मास्तरीणबाईंच्या काळजाला लागलं. मग मात्र त्यांना राहवलं नाही.

"साहेब, एक सांगते, मग जाते. आम्हाला रेडिओ नसायचा. विमानाच्या बंदुका रिकाम्या असायच्या, गोळ्या तिकडे पोचल्यावर भरायच्या. वाटेत शत्रू भेटला तर काय करायचं, असं आम्ही मोठ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, डोळे वटारा! तर ही आमची चिमणी. एवढीशी. पाठीशी दोन उशा घेतल्याशिवाय पाय पोचायचे नाहीत तिचे. एकदा अर्ध्या वाटेवर तेलाची नळी फुटली. समोरची काच काळी ठिक्कर. अशा वेळी हवाई छत्री घेऊन उडी मारायची मुभा होती. विमान गेलं तर गेलं, कुणी काही बोललं नसतं. पण आघाडीवर पोरं विमानाची वाट बघत होती, हे तिला माहीत होतं. तिनं बाजूची काच सरकवली, मुंडकं बाहेर काढलं आणि तसंच नेलं विमान. गरम तेल तोंडावर उडतंय, डोळे उघडत नाहीत, आणि ही बया उतरली, अगदी मऊ उतरली. खाली आल्यावर म्हणते काय, नळी बदला आणि मला साबण द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान लढायला गेलं."

साहेबानं चष्मा काढून पुसला.

"मला पटतंय हो, बाई. पण माझ्या हातात नाही. नियम बदलावा म्हणून मी वर कळवतो."

"कळव बाबा," मास्तरीणबाई उठत म्हणाल्या. "आम्ही चौघीच उरलोय. जरा घाई कर."

बाहेर त्यांची शाळेची मोटार उभी होती, टपावर 'शिकाऊ' असा भलामोठा फलक. मुलगा आत बसला आणि दार लावायचंच विसरला.

"मावशी, बाजारातून आणून घालू का झेंडा? लोकांना काय कळणार?"

"तिला कळलं असतं," त्या म्हणाल्या. "दार लाव. आणि रडायचं तर आत्ताच रडून घे, दुपारी तुझ्या बायकोपोरांकडे बघायला लागेल."

तो खरंच रडला, चाळिशीचा बाप्या, हुंदके देऊन. त्या गाडी हाकत राहिल्या. त्यांचेही डोळे भरत होते, पण रस्त्यावर गर्दी होती आणि शिकवणाऱ्या बाईनं सिग्नल मोडून कसं चालेल?

दुपारी स्मशानाच्या फाटकाशी त्या चौघी जमल्या. थोरली काठी घेऊन आली, नर्सबाई दवाखान्यातून परस्पर आली, आणि बडबडी नेहमीप्रमाणे कुणावर तरी उखडलेली होती. आज ती त्या कार्यालयावर उखडली होती. चौघींनी आपापले गणवेशाचे जुने कोट अंगात घातले होते. कसरीनं खाल्लेले, कोपरांवर झिजलेले. गुंड्या एकीच्याही लागत नव्हत्या.

"तुझा तरी कोट आत कसा गं गेला?" थोरलीनं विचारलं.

"श्वास घेत नाहीये मी," बडबडी म्हणाली, आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं.

गाडीतून पेटी खाली काढली. पोरकी वाटावी अशी साधी, वर नुसती पांढरी चादर. मुलाचे मित्र पुढे झाले, तेवढ्यात मास्तरीणबाईंनी हात आडवा केला.

"आम्ही नेतो."

रखवालदार दचकला. "आजी, पार टोकापर्यंत न्यायचंय. चढ आहे. माणसं आहेत ना इतकी!"

"आणि आम्ही कोण?" नर्सबाईनं विचारलं.

मुलानं मित्रांना खूण केली, तसे ते बाजूला झाले. चौघींनी खांदा दिला. थोरलीची काठी चिमणीच्या सुनेनं धरली. चढावर गुडघे कुरकुरायला लागले. "डावीकडे कलतंय," मागून बडबडीनं बजावलं. "तुझीच बाजू आहे ती, उचल," पुढून उत्तर आलं. एकदा थांबल्या, दम खाल्ला. मित्रांपैकी दोघं धावत आले, तर थोरलीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की ते आल्या पावली मागे गेले. बघणारे लोक टोप्या काढून उभे राहिले. त्यांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. चौघींनी चिमणीला टोकापर्यंत नेलं आणि हळूच खाली ठेवलं. जराही धक्का लागू दिला नाही.

सगळं आटोपलं. लोक पांगू लागले, तरी मास्तरीणबाई रखवालदारासमोर उभ्याच. हात पुढे केलेला.

"काय हवंय, आजी?"

"पोच," त्या म्हणाल्या.

म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. त्या काळी विमान ताब्यात दिलं, की तिथल्या माणसाची सही घ्यायची. पोटात कावळे ओरडत असोत, परतीची गाडी भोंगा वाजवत असो, पोच हातात पडेपर्यंत विमान तुमच्याच जबाबदारीवर. पोच घेतल्याशिवाय एकीनंही कधी पाठ फिरवली नव्हती. आता इथं कसली पोच? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काही खाली येईना.

"पावती ऑफिसात मिळेल," रखवालदार म्हणाला.

चिमणीचा मुलगा पुढे आला. त्यानं खिसे चाचपले, औषधाच्या दुकानाचं एक बिल सापडलं, ते त्यानं उलटं केलं.

"मावशी, काय लिहायचं असतं?"

"सुस्थितीत मिळालं, असं. खाली सही."

त्यानं कागद भिंतीला टेकवला. 'सुस्थितीत मिळाली,' असं लिहिलं, सही केली आणि त्यांना दिला. मास्तरीणबाईंनी तो लांब धरून, डोळे बारीक करून नीट वाचला आणि परत केला.

"वेळ राहिली."

त्यानं मनगटाकडे पाहिलं, पण डोळे इतके भरले होते, की त्याला काटे दिसेनात. मास्तरीणबाईंनी त्याचा हात आपल्याकडे वळवून घेतला, घड्याळ पाहून वेळ सांगितली आणि त्यानं ती लिहिली. मग त्यांनी कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि बाकीच्या तिघींकडे वळल्या.

"चला. आता निघायला हरकत नाही."