गॅरेजच्या जमिनीची चौकशी

काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, जन्मभर शाळा तपासत फिरले. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरेना, तेव्हा त्यांनी गॅरेजच्या जमिनीवर इपॉक्सीचं कोटिंग करून घेतलं. राखाडी, आरशासारखं चकचकीत. पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकाला आत नेऊन त्यांनी त्या जमिनीत आपापलं तोंड बघायला लावलं.

कारागिराने जाताना हाताने लिहिलेला एक कागद दिला होता. केर मऊ झाडूने काढा, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसा, मग साध्या पाण्याने पुसा, व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात नको. काकांनी लाल पेन काढलं, शुद्धलेखनाच्या सात चुका सुधारल्या आणि कागद त्याच्याच हातात परत ठेवला. तेवढ्यात मावशीने मागून वाकून तो वाचून घेतला.

पुढच्या रविवारी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून काका व्हिनेगरचा पाच लिटरचा कॅन घेऊन आले.

"अहो, त्याने व्हिनेगर नको म्हणून लिहिलं होतं," मावशी म्हणाली.

"ज्याला 'मऊ'मधला ऊ धड लिहिता येत नाही, त्याच्याकडून मी पुसायला शिकू?"

झालं. दर रविवारी काका पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादलीत कपभर व्हिनेगर ओतून जमीन घासायचे. बाकीच्यांसाठी नियम होते. चपला बाहेर. सुनेने गाडी आत घेण्याआधी चारही टायर फडक्याने पुसायचे. ती बिचारी ऑफिसातून दमून यायची आणि फाटकाशी उकिडवी बसून टायर पुसायची.

चार महिन्यांनी जमिनीची चमक गेली. ओल्या पाटीवर खडू फिरवावा तशी ती पांढुरकी दिसू लागली. काकांनी लगेच चौकशी बसवली. सुनेला लेखी खुलासा मागितला, मावशीला तोंडी.

"बटाट्याचं पोतं कोणी ओढत नेलं?"

"मी उचलून नेलं. कंबर अजून दुखतेय," मावशी म्हणाली.

सुनेने खुलासा लिहिला खरा, पण एका ओळीत: "बाबा, टायर मी माझ्या तोंडापेक्षा जास्त वेळा पुसलेत."

उत्तर असमाधानकारक असा शेरा मारून काकांनी शेवटी कारागिराला बोलावलं, तेही झाडायच्या तयारीने. तो गुडघे टेकून बसला, जमिनीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, पुसायच्या पाण्यात काय घालता?"

काका घुटमळले. मग मावशीकडे बघून म्हणाले, "बायका पाण्यात काय काय घालतात, मला काय ठाऊक!"

मावशी आत गेली आणि तळाशी बोटभर व्हिनेगर उरलेला तो कॅन आणून तिने दोघांच्या मध्ये ठेवला.

"दर रविवारी. हे स्वतः," ती म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढा मोकळा श्वास पहिल्यांदाच घेता आला, असं तिने मला नंतर सांगितलं.

कारागीर समजूतदार. हसू गालात दाबून म्हणाला, "आता धुऊन चमक यायची नाही. घासून वरचा थर नव्याने द्यावा लागेल."

थर दिला गेला. तेव्हापासून जमीन मावशी पुसते, कोमट पाण्याने, दहा मिनिटांत. काकांना तिथे पोछा घ्यायला बंदी आहे. टायर आता कोणीच पुसत नाही.

पण काका गप्प बसतील तर शपथ. शेजारी कोणी इपॉक्सी करायचं म्हटलं की ते खुर्ची ओढून समजवायला बसतात. "व्हिनेगरला हात लावू नका. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थाने सगळी जमीन घालवली. हटवादी माणूस, कुणाचं ऐकेल तर ना!"

परवा शेजारीणबाईंनी विचारलंच, "कोण हो ते?"

"इथेच असतात," मावशी चहा ठेवत म्हणाली. "साखर किती घालू?"